जे येते तिथून पुढे : गणिती बापूदेवशास्त्री

गणिताचा पेपर उद्यावर आला की मराठी घरातले वातावरण आजही बदलते. इतर विषयांत चमकणारा मुलगा फळ्यावर क्ष आणि य दिसले की गप्प होतो. घरचे त्याच्या डोक्याला बोल लावतात, शिक्षक त्याच्या सवयींना. गुरुजींनी नेमकी कुठून सुरुवात केली होती, हे मात्र कुणी विचारत नाही. विद्यार्थी एका काठावर उभा आणि शिकवणारा पलीकडच्या काठावरून बोलतो आहे, अशी स्थिती असेल तर बुद्धी कितीही तल्लख असली तरी ती नदी ओलांडणार कशी?

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मराठी पंडिताने या नदीवर पूल बांधायचे काम आयुष्यभर केले. तो शिकला नागपुरात आणि शिकवत राहिला काशीत. तेथील संस्कृत कॉलेजात १८४२ पासून १८८९ पर्यंत, तब्बल सत्तेचाळीस वर्षे, त्याने गणित शिकवले. महामहोपाध्याय बापूदेवशास्त्री हे त्याचे नाव. उत्तर भारतात हे नाव पंचांगामुळे घरोघरी गेले. नागपूरकरांना मात्र या आपल्या विद्यार्थ्याची फारशी आठवण नाही.

भोसल्यांच्या नागपुरात

बापूदेवांचा जन्म १८२१ सालचा. त्यांचे पाळण्यातले नाव नृसिंह आणि वडिलांचे नाव सीताराम. घराणे गोदावरीकाठच्या टोके गावचे, म्हणजे त्या वेळच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मुलाचे शिक्षण झाले ते नागपुरात.

ते नागपूर भोसल्यांचे होते. गादीवर तिसरे रघुजी होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेली असली, तरी राज्य १८५३ पर्यंत नावाला का होईना टिकून होते. दरबार मराठी, पण गाव अनेक भाषांचे. उत्तरेतून आलेले पंडित, तेलंगणातून आलेले वैदिक आणि मराठी शास्त्री एकाच गावात नांदत होते. बापूदेव मराठी शाळेत गेले आणि पुढे ढुंढिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांकडे भास्कराचार्यांचे गणित शिकले. शिष्य मराठी, गुरू हिंदी मुलखातले आणि ग्रंथ संस्कृत, असा तो नागपुरी मेळ होता.

ग्रंथ होते लीलावती आणि बीजगणित. यांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नियम एक-दोन ओळींत सांगून होतो आणि लगेच उदाहरण येते. तळ्यातले कमळ वाऱ्याने कलते, बिळाकडे निघालेल्या सापावर मोर झेप घेतो, अर्जुन बाण सोडतो, आणि मग प्रश्न येतो: सांग पाहू, पाणी किती खोल? बाण किती? काही उदाहरणांत विचारणारा समोरच्याला प्रेमाने हाक मारतो. नियम पाठ करून येथे भागत नाही, उदाहरण स्वतः सोडवावे लागते. अज्ञात संख्येला यावत्-तावत् म्हणायचे. अज्ञाते एकाहून अधिक असली तर काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे द्यायची. आपल्या शाळेतला क्ष तो हाच.

या ग्रंथात गंमत आहे तशी खोलीही आहे. एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि एक मिळवा. येणारे उत्तर पुन्हा एखाद्या संख्येचा पूर्ण वर्ग असले पाहिजे. ती पहिली संख्या कोणती? ऐकायला हे कोडे पोरखेळ वाटते. पण त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे आणि वर्गमूळ येते १,७६,६३,१९,०४९. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये हाच प्रश्न आपल्या काळच्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास तो चक्रवाल पद्धतीने सोडवून दाखवला होता. नागपूरच्या त्या मुलाने ज्या बीजगणितावर हात बसवला, ते हे.

सिहोरचा प्रयोग

१८३८ मध्ये बापूदेवांच्या आयुष्याला वळण लागले. भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन हे कंपनी सरकारचे पोलिटिकल एजंट होते. त्यांनी या सतरा वर्षांच्या मुलाचे गणितातले कौशल्य पाहिले आणि त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले.

हे विल्किन्सन साहेब वेगळ्या विचाराचे होते. हिंदुस्थानातल्या मुलांना पाश्चात्त्य विद्या कशी द्यावी, यावर तेव्हा मोठा वाद चालला होता. १८३५ मध्ये मेकॉले साहेबांचे टिपण आले आणि इंग्रजीचे पारडे जड झाले. येथील जुन्या विद्येला त्यात किंमत नव्हती. त्याच्या एकच वर्ष आधी, १८३४ मध्ये, विल्किन्सन यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून नेमकी उलट वाट सुचवली होती. येथील ज्योतिषसिद्धान्त हाच नव्या विद्येचा पाया करावा, असे त्यांचे म्हणणे.

त्यामागचा विचार साधा आहे. पृथ्वी सपाट असून तिच्या मध्यभागी मेरू पर्वत आहे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला एकदम कोपर्निकस सांगितला तर तो कान झाकून घेतो. परक्यांनी आपला धर्म बुडवायला काढला, असेच त्याला वाटते. पण पृथ्वी गोल आहे आणि आधाराशिवाय अंतराळात आहे, हे आपल्याच भास्कराचार्यांनी युक्तिवादाने मांडले आहे. विद्यार्थ्याने ते मूळ ग्रंथात स्वतः वाचावे, पडताळावे, आक्षेप घ्यावेत, उत्तरे शोधावीत. एवढे पटले की सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी हे पुढचे पाऊल ठरते. विल्किन्सन यांचा हेतू निव्वळ संस्कृतप्रेमाचा नव्हता. पाश्चात्त्य ज्ञान येथे रुजवणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते. पण विद्यार्थी जिथे उभा आहे तिथूनच त्याला हाताला धरून न्यावे, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्याभोवती जमलेली मंडळीही तशीच होती. सुबाजी बापू या पंडितांनी १८३६ मध्ये सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हे पुस्तक मराठीत लिहिले आणि पुराणातला भूगोल, सिद्धान्तातला भूगोल आणि कोपर्निकसचा भूगोल समोरासमोर ठेवले. ओंकार भट्ट यांनी हेच काम भूगोलसार लिहून हिंदीत केले. अशा वातावरणात बापूदेव सेवाराम या गुरूंकडे शिकले. १८४१ च्या नोव्हेंबरात विल्किन्सन सिहोरलाच वारले. पुढच्याच वर्षी बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात रेखागणिताचे अध्यापक झाले. तेव्हा ते अवघ्या विशीत होते.

काशीतली सत्तेचाळीस वर्षे

काशीचे संस्कृत कॉलेज १७९१ मध्ये जोनाथन डंकन यांनी स्थापन केले. आज तेथे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. व्याकरण, न्याय, वेदान्त यांत मुरलेले विद्यार्थी तेथे असत. तर्कात त्यांना हार जाणे ठाऊक नव्हते, पण साहेबाचे गणित म्हटले की ते चार पावले दूर राहत. दक्षिणेकडून आलेल्या कोवळ्या शास्त्र्याने त्यांना ते शिकवायचे होते.

बापूदेवांनी सिहोरचा धडा येथे गिरवला. युक्लिडची भूमिती संस्कृतात मुळीच नवी नव्हती. जयपूरच्या सवाई जयसिंहांसाठी जगन्नाथ सम्राटांनी अठराव्या शतकाच्या आरंभी अरबीवरून तिचे संस्कृत रूपांतर केले होते आणि त्याचे नावच रेखागणित होते. ग्रीसची विद्या अरबांच्या हातून संस्कृतात आली होती, ती इंग्रजांकडून पुन्हा आली तर तिला परकी का म्हणावे? बापूदेवांनी रेखागणितावर लिहिले, त्रिकोणमितीवर संस्कृतात पुस्तक केले. अठरा विचित्र प्रश्न उत्तरांसह देणारा एक संग्रहही त्यांनी रचला. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात प्रश्नांसाठी एक वेगळे प्रकरणच ठेवले आहे. त्याच परंपरेत हा संग्रह बसतो. प्रश्न समोर ठेवला की ऐकणारा ऐकणारा राहत नाही, त्याला हातात खडू घ्यावा लागतो. गंगेकाठच्या मानमंदिरात जयसिंहांची दगडी वेधयंत्रे उभी आहेत. त्यांचे वर्णनही बापूदेवांनी लिहिले, म्हणजे ग्रंथातला कोन आणि आकाशातला कोन यांची गाठ पडावी.

संस्कृतातच थांबले असते तर हे काम पंडितांच्या वर्तुळातच फिरत राहिले असते. बापूदेवांनी अंकगणित आणि बीजगणित हिंदीत लिहिले. मातृभाषा मराठी, अध्यापनाची भाषा संस्कृत आणि पुस्तक त्या मुलखातल्या मुलांच्या हिंदीत! त्या बीजगणिताबद्दल सरकारने त्यांना बक्षीसही दिले. ज्याला संस्कृत येत नाही आणि इंग्रजी परवडत नाही, त्या मुलाच्या हाती बीजगणित पडावे, यासाठी केलेला हा खटाटोप होता. आज आपण विद्यापीठात मातृभाषेतून गणित शिकवता येईल का, यावर परिसंवाद घेतो. बापूदेवांनी परिसंवाद घेतला नाही, पुस्तक लिहिले.

दुसऱ्या काठाकडेही त्यांचे लक्ष होते. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून सुधारले आणि सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर स्वतः केले. आर्चडीकन प्रॅट या गणिती धर्मगुरूंच्या देखरेखीखाली ही दोन्ही १८६१ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाली. योगायोग असा की एकच वर्ष आधी अमेरिकेत सूर्यसिद्धान्ताचे दुसरे भाषांतर निघाले होते, आणि त्याचे कर्ते एबेनेझर बर्जेस हे मिशनरी आपल्या महाराष्ट्रात राहून गेलेले होते.

क्षणाची गती

१८५८ मध्ये बापूदेवांनी कलकत्त्याच्या सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. भास्कराचार्यांना चलनकलनाची, म्हणजे आज कॉलेजात ज्याला डिफरन्शियल कॅल्क्युलस म्हणतात त्या गणिताची, जाण होती असे त्यांनी त्यात मांडले. विद्वानांत खळबळ उडाली.

विषय अवघड वाटला तरी त्यातले मर्म घरगुती उदाहरणाने कळते. नागपूरहून वर्ध्याला निघालेली मोटार दीड तासात पोचली, तर सरासरी वेग सहज काढता येतो. पण बुटीबोरीच्या वळणावर त्या नेमक्या क्षणी वेग किती होता? त्यासाठी वेगळे गणित लागते. ग्रहही रोज सारख्या वेगाने चालत नाही. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांच्या वजाबाकीतून दिवसाची गती मिळते, पण ग्रहणाच्या सूक्ष्म गणिताला या क्षणाची गती हवी असते. भास्कराचार्यांनी तिला तात्कालिक गती म्हटले आणि ती काढताना ज्येचा, म्हणजे आजच्या साइनचा, क्षणिक फरक कोज्येच्या प्रमाणात असतो, हे वापरले. जिथे ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती सर्वांत मोठी असते तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते, हेही त्यांनी ओळखले.

इंग्लंडमधून स्पॉटिस्वुड या गणितज्ञांनी १८६० मध्ये लेखाला उत्तर दिले. हा शोध विलक्षण आहे हे त्यांनी मान्य केले, पण त्याला संपूर्ण कलनशास्त्र म्हणायला ते तयार नव्हते. आज पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भास्कराचार्यांपाशी कल्पना होती. ती कुठल्याही वक्राला लावता येईल अशी सर्वसाधारण रीत न्यूटन आणि लायब्निझ यांच्या काळात आली. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर बापूदेवांच्या लेखाचे मोल वादाच्या निकालावर अवलंबून नाही. ज्या विद्यार्थ्याने गोलाध्याय वाचला आहे, त्याच्या मनात कलनाचे बीज आधीच पडलेले आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अशा विद्यार्थ्याला कलन कोऱ्या पाटीवर शिकवावे लागत नाही. पुढे, १८८६ मध्ये, सुधाकर द्विवेदींनी चलनकलनावर हिंदीत पुस्तक लिहिले. बापूदेवांमागून त्या कॉलेजातले गणिताचे पद द्विवेदींकडेच आले.

पंचांगाचे रण

वर्गातले गणित वर्गात राहते तोवर कुणाची हरकत नसते. ते घराच्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगात शिरले की वाद पेटतो. बापूदेवांच्या काळी काशीत पंचांगे मकरंदावरून होत आणि आपल्याकडे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून. मकरंद १४७८ सालचा, ग्रहलाघव १५२० सालचा. रचले तेव्हा दोन्ही उत्तमच होते. पण लहानशी चूक साडेतीनशे वर्षे साचत गेली की तिथी आणि ग्रहणे यांच्या वेळा आकाशाशी जुळेनाशा होतात. पुण्यात केरूनाना छत्रे यांनी याविरुद्ध कंबर कसली होती. काशीत, सनातन्यांच्या बालेकिल्ल्यात, ते काम बापूदेवांनी अंगावर घेतले. १८७६ पासून ते इंग्रजी नॉटिकल आल्मनाकच्या आधारे पंचांग प्रसिद्ध करू लागले.

यात एक तडजोडही होती. वर्षारंभ प्रत्यक्ष संपाताप्रमाणे धरावा, म्हणजे सायन गणना खरी, असे त्यांचे मत होते आणि त्यावर त्यांनी लिहिलेही होते. तरी पंचांग मात्र त्यांनी लोकांच्या वहिवाटीप्रमाणे निरयन काढले. सायनवाद्यांना हे रुचले नाही आणि जुन्या पंडितांना मुळात इंग्रजी आकडेच मान्य नव्हते. दोन्हीकडून बोलणी खाण्याची ही जागा होती. पण सिहोरचा विद्यार्थी दुसरे काय करणार? लोक जिथे आहेत तिथून एक पाऊल पुढे, आणि ते पचले की मग दुसरे, हीच त्यांची रीत. त्यांच्या नावाचे पंचांग त्यांच्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिले.

मानसन्मान पुष्कळ झाले. १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने आणि १८६८ मध्ये बंगालच्या सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद केले. १८६९ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे फेलो झाले, १८७८ मध्ये सीआयई आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

दार किती उघडले?

बापूदेवांचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्यांनी बांधलेला पूल भक्कम होता, पण त्यावर पाऊल ठेवण्याची मुभा मोजक्यांनाच होती. संस्कृत पाठशाळा ही ब्राह्मण मुलांची जागा. मुली तेथे नव्हत्या, बहुजन नव्हते. बापूदेव काशीत रेखागणित शिकवत होते त्याच काळात, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. एकीकडे कसे शिकवावे याचा विचार चालला होता, दुसरीकडे कोणाला शिकवावे याचा. हे दोन प्रवाह तेव्हा भेटले असते तर आपल्या शिक्षणाचा इतिहास वेगळा झाला असता.

ती भेट घडवणे आता आपल्या हाती आहे. आज विद्यापीठाच्या वर्गात गडचिरोलीच्या खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलगी बसते. घरी ती गोंडी बोलते, शाळेत मराठीत शिकली आणि गणिताचे पुस्तक इंग्रजीत आहे. पन्नास मिनिटे फळा भरून अध्यापक निघून गेले, तर तिच्या वहीत सगळे उतरते आणि डोक्यात काहीच नाही. तिला गणित येत नाही, असा शेरा मारणे सोपे असते. बाजारात ती तोंडी हिशेब झरझर करते, शेताच्या बांधावरून क्षेत्र अदमासते, हे कुणी विचारतच नाही.

जगभरचे शिक्षणतज्ज्ञ आता हाच मुद्दा आकड्यांनी मांडत आहेत. विज्ञान आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे विद्यार्थी वर्गातच उदाहरणे सोडवत होते, शेजाऱ्याशी चर्चा करत होते, तिथे हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले. शंभरातली बारा मुले वाचली, ती अध्यापकाने रीत बदलली म्हणून.

उदाहरण आधी, स्वतः सोडवणे, आपल्या भाषेत विचार करणे, ठाऊक असलेल्यावरून नव्याकडे जाणे: यातली एकही गोष्ट लीलावतीच्या वाचकाला नवी नाही. ढुंढिराज मिश्रांपुढे बसून नागपूरचा एक मुलगा याच रीतीने यावत्-तावत् शिकला आणि पुढे काशीच्या पंडितांना त्रिकोणमितीपर्यंत घेऊन गेला. त्याच्याकडून आज उचलण्यासारखे एवढेच आहे की वर्गात शिरल्यावर विद्यार्थ्याला काय येत नाही हे शोधण्याआधी त्याला काय येते ते विचारावे. तेवढा प्रश्न जो अध्यापक त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारील, त्याच्या वर्गात बापूदेवशास्त्र्यांचे अर्धे राहिलेले काम पुरे होईल.